छ्याऐंशीचे शंभर

१३ ऑक्टोबर. ढगाळ, वारा नाही.

आज आ-लिंगचा फोन आला. रविवार नव्हता, सण नव्हता. माझ्या कोपरापर्यंत माती होती. पुसायला गेले तर फोन बंद होईल म्हणून तशाच हातांनी घेतला. आता फोनच्या भोकांतून माती काढत बसले आहे.

"आई, बाबांच्या बरणीचं झाकण फुटलं गं."

ही तिच्या लग्नातली बरणी. आमच्या ह्यांनी चाकावर चढवली, मी तासली, आणि पलीकडच्या गल्लीतल्या रंगारणीकडून निळ्या बदकांची जोडी काढून घेतली. ह्यांना जाऊन आता तीन वर्षं होतील. मी विचारलं, "तुला लागलं नाही ना?" तर म्हणते, "झाकण फुटलं आई, मी नाही." हसली, आणि मग कितीतरी वेळ काही बोललीच नाही. शेन्झेनसारख्या मोठ्या शहरातलं नेटवर्क म्हणे आमच्यापेक्षा चांगलं असतं. कसलं चांगलं?

मी म्हटलं, "रडायला काय झालं? झाकण करून देते. तोंडाचं माप सांग."

"बघून सांगते," म्हणाली आणि लगेच म्हणाली, "दहा सेंटिमीटर. त्याला नखभर जास्त."

म्हणजे तोंडात उतरणारी झाकणाची आतली कड बरोबर दहाची हवी. मी म्हटलं, "फेब्रुवारीत आपल्या नवीन वर्षाला येशील ना, तेव्हा घेऊन जा."

"बघू."

"बघू म्हणजे शेकडा किती?"

"आई!"

गेली दोन वर्षं 'बघू' म्हणाली आणि आली नाही. कधी जावयाला रजा नाही, कधी हिच्या ऑफिसात वर्षअखेरीचे आकडे. पण आज तिनं आपणहून फोन केला. संध्याकाळी गार शेवया आणल्या आणि वरून दुप्पट मिरची घालून खाल्ल्या. ही वही तिनंच कधीतरी पाठवली होती, कोरी पडली होती. मनातलं बोलायला घरात कुणी नाही, तर इथे लिहीन म्हणते.

१५ ऑक्टोबर. ऊन.

मी तासणारी बाई. अर्धवट वाळलेलं भांडं उलटं घालून लोखंडी सुरीनं पातळ करायचं, एवढंच मला येतं. ओल्या मातीला चाकावर उभं करणं मला जमत नाही. ते ह्यांचं काम होतं. म्हणून त्साओंकडे गेले. ह्यांच्याच गावचे, ह्यांच्याच वयाचे, आणि तोंडाळपणात ह्यांचे गुरू शोभतील असे.

"एका झाकणासाठी चाक लावू? वहिनी, शेन्झेनमध्ये एवढे मोबाइल पिकतात, एक झाकण पिकत नाही?"

"पिकत असतील. पण ते फंगच्या बरणीवर बसणार नाहीत."

ह्यांचं नाव निघाल्यावर लगेच माती मळायला घेतली. मी ह्यांची बांबूची पट्टी दिली. भांडं वाळताना आणि भाजताना आकसतं, म्हणून कच्चं भांडं मोठं करावं लागतं. किती मोठं, ते रोज कोण मोजत बसणार? ह्यांनी पट्टीवर सेंटिमीटरच लांब लांब आखलेले. पट्टी म्हणते दहा, असतात बारा आणि वर दोन मिलिमीटर. भट्टीतून आलं की खरे दहा. सगळं गणित पट्टीच्या पोटात. आम्ही जन्मभर खोट्या पट्टीनं खरं मापलं आणि एकदाही चुकलो नाही.

२६ ऑक्टोबर. पाऊस.

चुकलं.

झाकण भट्टीतून आलं. पांढरंशुभ्र, गोल, कुठे फुगा नाही, डाग नाही. मोजलं तर साडेदहा. पाच मिलिमीटर मोठं! मी दुसरी पट्टी आणली, मग शेजारणीची आणली. साडेदहाच.

त्साओ आले, बघितलं आणि कपाळावर हात मारला. "वहिनी, ही पट्टी डोंगरातल्या मातीची. ती खाण बंद होऊन किती वर्षं झाली! ही प्लास्टिकच्या पिशवीतली कारखान्याची माती. ही कमी आकसते."

"मग आधी का नाही बोललात?"

"तुम्ही पट्टी अशी हातात दिलीत, की मला वाटलं फंगच सांगतोय."

ह्यांच्या मागे मी फक्त वाट्या तासल्या. वाटी थोडी लहानमोठी झाली तर कुणाचं बिघडतं? झाकणाचं तसं नसतं, त्याला कुणाच्या तरी तोंडावर बसायचं असतं. पट्टी पुन्हा ह्यांच्या कोटाच्या खिशात ठेवून दिली. ती ज्या मातीची होती ती मातीच राहिली नाही, त्याला ती तरी काय करणार?

आ-लिंगला फोन केला. मला वाटलं चिडेल, पण ती हसत सुटली. म्हणाली, "करू की परत. आणि आई, तक्रार करू नकोस हं. मागच्या महिन्यात आपण एकदा बोललो होतो, या महिन्यात दोनदा. शंभर टक्के वाढ!"

"आणि आधी दर रविवारी करायचीस त्याचं काय?"

"चाराचा एक झाला. पंचाहत्तर टक्के घट. मान्य."

ती ऑफिसात हेच करते. मागच्या महिन्याच्या मानाने विक्री किती चढली, किती उतरली, ते साहेबाला सांगायचं. फोन ठेवल्यावर मी विचार करत बसले. पंचाहत्तर गेले आणि शंभर आले, तर पदरात पंचवीस जास्त पडायला हवेत. पण चाराच्या जागी आहेत दोन. मुलगी हुशार आहे, पण कुठेतरी मला गंडवलं हे नक्की.

२९ ऑक्टोबर. ढगाळ.

मातीच्या पिशवीवर बारीक अक्षरांत छापलेलं सापडलं: आकसणे, शेकडा चौदा. आ-लिंगला सांगितलं. ती म्हणाली, "मग सोपं आहे. चौदा टक्के कमी होणार, तर चौदा टक्के जास्त करायचं. दहाचे अकरा पूर्णांक चार."

मलाही पटलं. त्साओंना अकरा-चारचं माप दिलं.

आज तिनं चेहरा दिसतो तो व्हिडिओ फोन लावला होता. वाळली आहे. केस कापलेत, मला न विचारता. मागे भिंत वेगळीच दिसली, हिरवट. खोलीतच दोरी बांधून कपडे वाळत घातलेले. मी म्हटलं, "रंग दिला का घराला?" म्हणाली, "हो, असंच." सिंकपाशी एकच वाडगा पालथा घातलेला आणि जेवायच्या काड्यांची एकच जोडी. जावई बाहेरच जेवतो वाटतं. आजकालच्या पुरुषांना घरचं गिळवत नाही. मी विचारलं, "थांग कसा आहे?"

"बरा असेल."

"असेल म्हणजे?"

"हूनानला गेलाय गं, कामाला. आई, झाकण किती वाजता भट्टीत जातं?"

झाकणाची एवढी काळजी तिला कधीपासून लागली? लहानपणी आमच्या कारखान्यात पाय टाकायला सांगितलं तर नाक मुरडायची. म्हणायची, "माझ्या नखांत माती जाते." वय वाढलं की आईबापाच्या वस्तूंची किंमत कळते, असं शेजारीण म्हणते ते खरं असावं.

९ नोव्हेंबर. ऊन, पण बोचरं.

नऊ पूर्णांक आठ. दोन मिलिमीटर कमी!

मोठं झालं होतं ते निदान घासता तरी आलं असतं. लहान झालेल्याचं काय करायचं? बरणीवर ठेवलं की खुळखुळणार. मी शिव्या घातल्या. मातीला घातल्या, भट्टीवाल्याला घातल्या आणि थोड्या ज्यांना घालता येत नाहीत त्यांनाही घातल्या. जायची एवढी घाई होती तर जाण्याआधी नवीन पट्टी आखून ठेवायची होती!

आ-लिंगला फोन केला. म्हटलं, "तुझे चौदा टक्के खोटे."

"पिशवी खोटी असेल."

"पिशवी खरी आहे. मी ओल्या मातीच्या पट्टीवर शंभर मिलिमीटरची रेघ मारून त्याच भट्टीत टाकली होती. छ्याऐंशी आली."

पलीकडून कागदाचा आवाज, पेनाचा आवाज. इकडे माझ्या चुलीवर हाडांचं सूप उकळून उकळून आटत होतं, पण फोन ठेवायचा माझा विचार नव्हता.

"आई, मी मूर्ख आहे."

"हळू बोल, शेजारी ऐकतील."

"ऐक तर. चौदा कमी होतात ते कशाचे? ओल्या मापाचे. आणि मी चौदा वाढवले ते कशाचे? भाजलेल्या मापाचे, म्हणजे दहाचे. दहाचे चौदा टक्के लहान. अकरा-चारचे चौदा टक्के मोठे. वाढवले कमी, गेले जास्त. म्हणून लहान झालं."

"म्हणजे मूळ बदललं."

"हां! टक्के तेवढेच, पण कशाचे ते बदललं. ऑफिसात दिवसभर हेच करते आणि आईच्या झाकणाला चुकते!"

मग मी म्हटलं, "तू मला मागे रविवारच्या फोनांवरून गंडवलंस, ते हेच ना? पंचाहत्तर गेले ते चाराचे, शंभर आले ते एकाचे."

ती इतकी हसली की मलाही हसू आवरेना. आठवतं तेवढ्या काळात आम्ही दोघी अशा हसलो नव्हतो. म्हणाली, "तू आमच्या ऑफिसात ये. साहेबाची झोप उडवशील."

पण मग वाढवायचे किती? ती म्हणाली, "दुकानात सेल लागतो तेव्हा पाटीवर काय लिहितात? आठ. म्हणजे दहातले आठ द्या. आपल्याकडे गेलं किती ते लिहीतच नाहीत, राहिलं किती ते लिहितात. तसंच कर. चौदा विसर. छ्याऐंशी धर."

"छ्याऐंशी येतात शंभरातून."

"तर दहा कशातून?"

मी शाळेत फार नव्हते, पण त्रैराशिक मला ह्यांनी शिकवलं होतं, झिलईची भुकटी मिसळायला. दहा गुणिले शंभर, भागिले छ्याऐंशी. अकरा पूर्णांक त्रेसष्ट. दोघींचं उत्तर एकदम आलं. ती म्हणाली, "म्हणजे सव्वासोळा टक्के वाढवायचं."

चौदा जातात आणि परत तिथेच पोचायला सोळाच्या वर लागतात. मला ते फार लागलं, का ते माहीत नाही. पोर गेली तेव्हा मी म्हटलं होतं, जेवढी लांब गेली तेवढीच परत यायची आहे. तसं नसतं म्हणजे.

सूप करपलं. खाल्लं तसंच.

१९ नोव्हेंबर. धुकं.

दहा. बरोबर दहा. तीनही पट्ट्यांवर दहा.

मला आनंद व्हायला हवा होता, आणि झालाही. झाकण दोन्ही हातांत धरून दारात उन्हाची वाट बघत उभी राहिले. वरची गुंडी त्साओंनी कमळाच्या कळीसारखी केली आहे. ह्यांची असायची तशी नाही, जरा टोकदार. माती नवीन, म्हणून पांढरा रंगही जास्त थंड आहे. पण कडेला मी सुरी चालवली आहे, ती तीच.

मग वाटलं, आता हे सांगितलं की संपलं. कुरियरवाला येईल, डबा घेऊन जाईल, ती 'पोचलं' म्हणेल, आणि पुढचा फोन थेट नवीन वर्षाला. 'आई, या वर्षी जमत नाही.'

म्हणून तिला सांगितलं, तडा गेला.

हे लिहिताना कान गरम झाले आहेत. साठी उलटलेली बाई पोटच्या पोरीशी झाकणावरून खोटं बोलते. पण खरं लिहायचं तर त्याहून वाईट मला दुसऱ्याच गोष्टीचं वाटलं. तडा गेला म्हटल्यावर ती काय म्हणाली? "हो का? बरं, बरं झालं. म्हणजे... परत करू की आपण. उद्या फोन करते." बरं झालं! तिच्या बापाच्या बरणीचं झाकण, आणि बरं झालं! आवाज तर असा, जसा शाळेला सुट्टी मिळाल्यावर असायचा.

२५ नोव्हेंबर. ढगाळ.

उद्या फोन करते म्हणाली आणि खरंच केला. परवाही केला. काल मी केला. झाकणाचा विषय पाच मिनिटांत संपतो, मग बाकीचं निघतं. तिला मुळ्याचं लोणचं कसं घालतात ते हवं होतं. एका माणसापुरतं किती घालू, असं विचारलं. मी म्हटलं, "लोणचं कधी एका माणसापुरतं घालतात का?" त्यावर ती म्हणाली, "तेही खरं."

आता या महिन्याची वाढ किती टक्के, हे मी काढलं नाही. मूळच कुठलं धरायचं ते कळत नाही.

३ डिसेंबर. थंडी.

खोटं पचलं नाही. आज सांगितलं, "नवीन झाकण झालं. बरोबर दहा. पाठवते, पत्ता सांग."

"आई, थांब. मी परत मोजलं. दहा नाहीये. साडेदहा आहे."

"अगं बये! मग पहिलंच बसत होतं की! ते इथेच आहे कपाटात. तेच पाठवते."

ती घाईघाईनं म्हणाली, "नाही नाही. साडेदहा नाही. सव्वादहा. सव्वादहाला थोडं कमी."

"तुझी पट्टी आहे की रबर?"

"तोंड जरा लांबट आहे गं. कुठून मोजतो त्यावर आहे."

मी भडकले. ह्यांच्या हातची बरणी आणि लांबट? चाळीस वर्षांत ह्यांच्या हातून लांबट तोंड निघालं नाही. भट्टीत वाकडं झालं असतं तर त्यांनी ते लग्नात दिलंच नसतं, तिथल्या तिथे फोडलं असतं. मी म्हटलं, "तोंडावर पट्टी ठेव आणि फोटो पाठव. आत्ताच्या आत्ता."

अर्ध्या तासानं फोटो आला. पट्टी नाही. लाल टेबलक्लॉथ, बरणी, आणि बरणीवर झाकण! अगं, झाकण फुटलं म्हणालीस ना? लग्नाच्या दिवशीचा फोटो आहे हा. कोपऱ्यात कुणाचा तरी अंगठा आला आहे, नखाशी काळी चीर. ह्यांचा अंगठा. फोटो काढताना मध्ये बोट घालायची ह्यांची जुनी खोड.

मुलगी खुळावली आहे की मला खुळं समजते? पण तो अंगठा बघितल्यावर मला तिच्यावर रागावता येईना. फोटो मोठा करून करून बघितला, तर नुसते चौकोन दिसायला लागले.

६ डिसेंबर. थंडी, ऊन.

त्साओ म्हणतात, "वहिनी, झाकण घ्या, गाडीत बसा आणि स्वतः बसवून या. पोरीच्या हातात पट्टी देणं म्हणजे मांजराच्या हातात मासा."

कधी नाही ते शहाणपणाचं बोलले. लग्नानंतर मी तिच्या घरी एकदाच गेले. आता चारही झाकणं घेऊन जाते: साडेदहाचं, नऊ-आठचं, दहाचं, आणि परवा चढवलेलं सव्वादहाचं, जाईपर्यंत भाजून होईल. एक तरी बसेल. जावयाला भाजलेल्या तिळाच्या वड्या नेते. आ-लिंगला फोन करून सांगितलं, "पुढच्या आठवड्यात येते."

"नको."

"का नको? माझं तिकीट मी काढते."

"आई, नको ना. घर... घर लहान आहे."

"दोन खोल्या आहेत. मी काय हत्ती आहे?"

"थांग..."

"थांगला मी काय खाते? हूनानहून आला नाही का अजून?"

पलीकडून श्वासाचा आवाज आला. मग ती म्हणाली, "तू नको येऊ. मी येते. पुढच्या शनिवारी येते. बरणी घेऊन येते."

शनिवारी! नवीन वर्ष अजून कितीतरी लांब आहे आणि ती शनिवारी येते. ती 'बघू' म्हणाली का ते मी पुन्हा पुन्हा आठवून पाहिलं. 'येते' म्हणाली. शेकडा शंभर. गाद्या उन्हात टाकल्या. बरगड्या आणि कमळकाकडी आणायची आहे. थांगला आवडतं म्हणून मासाही आणीन, तो आला तर.

१३ डिसेंबर. शनिवार. स्वच्छ ऊन.

आली. मोठी बॅग एक, पाठीवर एक. थांग नव्हता. बरणीही नव्हती.

मी मात्र टेबलावर चारही झाकणं ओळीनं मांडून बसले होते. ती दारात उभी राहून त्यांच्याकडे बघत राहिली. मी म्हटलं, "बरणी कुठाय? गाडीत विसरलीस का?"

"आई, बरणी नाही."

"म्हणजे?"

"फुटली. मार्चमध्ये. झाकण नाही गं फुटलं, सगळंच फुटलं. भांडण झालं आणि..." मग तिनं मान हलवली. "कुणी फोडली ते विचारू नकोस. आम्ही दोघांनी मिळून फोडली असं समज. मी आता एकटी राहते. त्या हिरव्या खोलीत."

मी सूपाची आच कमी करायला गेले. आच आधीच कमी होती. पातेल्याचं झाकण उचललं, परत ठेवलं. खरं सांगायचं तर त्या क्षणी मला पोरीचं दुःख आधी आठवलं नाही. मला त्या बरणीचं पोट आठवलं, ह्यांची बोटं आतून फिरलेली, आणि मग ती बोटं. ह्यांच्या हातचं एवढं एकच तिच्याकडे होतं. पाठ फिरवून रडले. तिला कळलं असणार, कारण तीही तिथेच बॅग न उतरवता रडत होती. एवढ्याशा स्वयंपाकघरात दोघी वेगवेगळ्या भिंतींकडे तोंड करून.

मग मी म्हटलं, "आणि मापं? दहा, साडेदहा, सव्वादहा?"

"आठवेल ते सांगायचे. पहिल्या दिवशी मला सगळं सांगायचं होतं. बाबांची बरणी म्हणाले आणि पुढे तोंडच उघडेना. झाकण एवढंच निघालं. मग तू म्हणालीस, माप सांग. मला वाटलं, झाकण होईपर्यंत तरी रोज तुझ्याशी बोलता येईल."

मी तिला ते दहाचं दाखवलं. म्हटलं, "हे एकोणीस नोव्हेंबरलाच झालं होतं. तडा वगैरे काही गेला नव्हता."

ती झाकणाकडे बघत राहिली. मग माझ्याकडे बघितलं. आधी तिच्या ओठाचा कोपरा हलला, मग माझा. दोघी एकमेकींना धरून इतका वेळ उभ्या राहिलो की तिच्या पाठीवरच्या बॅगेचा पट्टा माझ्या गालावर उमटला. गेले कित्येक महिने माझं पोर त्या हिरव्या खोलीत एका वाडग्यातून जेवत होतं, आणि मी तो वाडगा बघून जावयाला नावं ठेवत होते.

जेवायला बसलो. दोन वाडगे सूप प्यायली. तिसरा मी न विचारता वाढला. मग ती म्हणाली, "चार झाकणं झाली आई. आता काय करायचं यांचं?"

मी म्हटलं, "काय म्हणजे? झाकण आहे, बरणी करू."

"झाकणावरून बरणी?"

"का? नेहमी बरणीवरून झाकण करतात म्हणून उलटं होत नाही की काय?"

तिनं जरा विचार केला. मग मी पेन द्यायच्या आत काडी सूपात बुडवून टेबलावर लिहायला लागली. झाकण दहा. तोंड दोन मिलिमीटर सैल, म्हणजे भाजलेलं दहा पूर्णांक दोन. भागिले छ्याऐंशी, गुणिले शंभर. टेबल पुसायचं सोडून मी बघत राहिले. अकरा पूर्णांक छ्याऐंशी. मला न विचारता तिनं दुसऱ्यांदा भागून पाहिलं. बरोबर होतं.

१४ डिसेंबर. ऊन.

सकाळी दोघी त्साओंकडे गेलो. त्यांनी आ-लिंगला बघितलं, तिच्या रिकाम्या हातांकडे बघितलं आणि कधी नव्हे ते काहीही विचारलं नाही. फक्त म्हणाले, "वाळलीस गं. आईच्या मातीसारखी आकसलीस."

"काका, छ्याऐंशी टक्के उरले आहे मी," ती म्हणाली.

त्यांना मापाचा कागद दिला. अकरा-छ्याऐंशी. त्यांनी तो चाकाच्या खांबावर डकवला, माती मळायला घेतली आणि म्हणाले, "बरणी मोठी आहे. दोन तुकड्यांत चढवावी लागेल, मग जोडायची. या थंडीत वाळायला महिना घेईल, जास्तही. पोरी, तुझी परतीची गाडी कधी आहे?"

मी त्यांच्याकडे डोळे वटारले. हा प्रश्न मी कालपासून जिभेवर धरून बसले होते आणि विचारला नव्हता. आ-लिंग बाजूला बसून बाह्या दुमडत होती. तिनं मातीचा एक गोळा उचलला, तळहातावर दाबून पाहिला. तिच्या नखांत माती गेली.

"तिकीट काढलंच नाहीये काका," ती म्हणाली. "मळायला कुठून सुरुवात करू?"